वाकळीला झोळ का येतो?

प्रश्न : आईच्या दोन जुन्या सुती साड्या आत घालून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवते आहे. खालचं अस्तर महाद्वार रोडवरून नवं आणलं. निम्मी शिवून झाल्यावर मधोमध फुगा आलाय, खाली चुण्या पडल्यात. उसवू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : फुग्यापुरतं उसवा, सगळं नको. तुम्ही बहुधा कच्चा दोरा, म्हणजे थर धरून ठेवणारे तात्पुरते टाके, न घालताच शिवायला बसलात. हाताखालचा थर दर टाक्याला किंचित पुढं सरकतो आणि साठलेलं कापड मध्ये फुगतं.

उसवल्यावर वाकळ फरशीवर पसरा. अस्तराचे चारही काठ चिकटपट्टीनं ताठ बसवा, पण ओढू नका. ओढलेलं कापड सुटलं की आकसतं. मधून कडेकडे हात फिरवत साड्या सपाट करा. मग मध्यापासून बाहेर, वीतभर अंतरानं लांब कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणं खरं, पण टाळू नका. पक्का धावदोरा त्यानंतर. सुईवर तीन-चार टाके घेऊन दोरा ओढा, दर वेळी आवळलेलं कापड बोटानं मागं सारून सैल करा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात.

आणखी एक. नवं अस्तर न धुता लावलं असेल, तर पहिल्या धुण्यात ते आटेल, साड्या आटणार नाहीत, आणि चुण्या पुन्हा दिसतील. शिवण फार झालेली नसेल तर अस्तर सोडवून आधी धुवून घ्या.

प्रश्न : मशीनवर जमेल का?

उत्तर : चार थरांपर्यंत. सोळा नंबरची सुई, टाका मोठा, दाबपट्टीचा दाब कमी.