न्यूझीलंडमध्ये बालशिक्षणावर पीएच.डी. करायची आहे? आधी करार, मग विविधता

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बालवाडीत बरीच वर्षं शिकवलंय, एम.एड. झालंय, आता न्यूझीलंडमध्ये 'पूर्वप्राथमिक शिक्षणातील सांस्कृतिक विविधता' या विषयावर पीएच.डी. करायची आहे. विषय चालेल का, सोबत नोकरी जमेल का आणि साडेतीन वर्षांच्या मुलाचं काय? मी इथे बालशिक्षणातच आहे, सेंटरवर, म्हणजे इथल्या बालवाडीत, शिकवते आणि संशोधनही इथेच केलं, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

विषय चालेल, पण तुम्ही मांडलाय तसा नाही. 'भारतीय मुलांना परदेशी सेंटरमध्ये जुळवून घेताना येणाऱ्या अडचणी' हे तुम्ही सुचवलेलं शीर्षक कुठल्याही देशाला चिकटवता येईल असं आहे. इथली चर्चा 'आमच्याकडे किती संस्कृतींची मुलं येतात' इथून सुरू होत नाही. ती सुरू होते 1840 च्या वाइतांगी करारापासून. माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला हा करार. माओरी इथले मूळ रहिवासी आणि कराराचा एक पक्ष. आपण, चिनी, फिलिपिनो सगळे मागाहून आलेलो. त्यामुळे माओरींना 'अनेक वांशिक गटांपैकी एक' म्हणून यादीत बसवणारं प्रपोजल पहिल्या बैठकीतच अडकतं. अडकायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा पुरावा अभ्यासक्रमातच आहे. 'ते फारिकी' हा इथला राष्ट्रीय बालशिक्षण अभ्यासक्रम 1996 मध्ये आला. मार्गरेट कार आणि हेलन मे यांनी तो टिली रीडी आणि तामाती रीडी या माओरी अभ्यासकांच्या बरोबरीने घडवला. त्यातला माओरी भाग इंग्रजीवरून उतरवलेला नाही, तो स्वतंत्र लिहिलेला आहे. त्याच्या मागे कोहांगा रेओची चळवळ होती: 1982 पासून माओरी कुटुंबांनी आजी-आजोबांच्या भाषेत मुलं वाढवण्यासाठी स्वतः उभी केलेली बालकेंद्रं. 2017 मध्ये सुधारित आवृत्ती आली. ती मूळ माओरीतून चाळता आली नाही तरी इंग्रजीतली पूर्ण वाचा, अर्ज करण्याआधी.

वाचताना एक गोष्ट खटकेल. जूनमध्ये काय, जुलैमध्ये काय, असं त्यात काही नाही. स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध असे पाच धागे दिलेत, बाकी प्रत्येक सेंटरने आपल्या मुलांकडे बघून ठरवायचं. कागदावर हे सुंदर दिसतं. प्रत्यक्षात शिक्षिकेला मुलाच्या घरचं काही माहीत नसेल, तर विविधता म्हणजे भिंतीवर देशांचे झेंडे आणि वर्षातून एकदा पारंपरिक पोशाख, एवढ्यावर उरकते. संशोधनाला जागा आहे ती इथे, या मोकळीक आणि अज्ञान यांच्या मधल्या पट्ट्यात.

सेंटरवर पहिल्या आठवड्यात तुम्हाला कोणीतरी हळूच सांगेल की टेबलावर टेकू नका. टेबलावर अन्न ठेवतात, म्हणून त्यावर बसायचं नाही. डोकं टेकायच्या उशीवर बसायचं नाही, कारण डोकं पवित्र. स्वयंपाकघरातली फडकी बाकीच्या कपड्यांत धुवायची नाहीत. आपल्याला सोवळ्याची आठवण येते आणि 'अरे, हे तर आपलंच' असं वाटतं. तिथेच थांबू नका. हे नियम इथे ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम अशा सगळ्या मुलांसाठी रोजच्या वागण्याचा भाग झालेत, तेही पाठ न देता. कसे झाले, कोणत्या सेंटरवर झाले आणि कुठे नुसता कागद राहिले, हा प्रश्न मला तुमच्या शीर्षकापेक्षा कितीतरी जिवंत वाटतो.

दुसरी जागा म्हणजे 'लर्निंग स्टोरी'. मार्गरेट कार यांनी रुजवलेली ही पद्धत. गुण नाहीत, तक्ता नाही. मुलाने काय केलं त्याची फोटोसकट छोटी गोष्ट, बहुतेक वेळा मुलालाच उद्देशून लिहिलेली. समजा चार वर्षांचा एक मुलगा वाळूच्या हौदाच्या कडेला उभा आहे, हात मागे, अर्धा तास नुसता बघतोय. एक शिक्षिका लिहिते, 'अजून गटात मिसळत नाही.' न्यायला आलेली आजी म्हणते, 'तो आधी बघून घेतो, मग करतो.' बघून शिकणं हा शिकण्याचा पक्का मार्ग आहे, यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया या मूळनिवासी समाजात राहून मोठं काम केलंय. आता आजीचं वाक्य त्या गोष्टीत येतं का? कोणाच्या शब्दांत? आजी मराठीत बोलली तर? हे तुम्ही ऐकू शकता, इथले बरेच संशोधक ऐकू शकत नाहीत. तुमचं भांडवल ते आहे.

पद्धतीचं म्हणाल, तर प्रश्नावली वाटून टक्केवारी काढायचा मोह सोडा. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच मुलांच्या घरी पाठवलं, घरातली कौशल्यं समजून घ्यायला. इथे हेलन हेजेस यांनी तोच धागा लहान मुलांच्या आवडीनिवडींपर्यंत नेला. जोसेफ टोबिन यांनी जपान, चीन आणि अमेरिकेतल्या बालवाड्यांचा एकेक दिवस चित्रित करून तो एकमेकांच्या शिक्षकांना दाखवला आणि त्यांच्या प्रतिक्रिया हाच अभ्यासाचा गाभा केला. मला ही युक्ती फार आवडते. मात्र चित्रीकरण म्हटलं की नैतिक समितीचा, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीचा, अर्ज जाडजूड होतो: पालकांची लेखी संमती, शिवाय मुलाची मर्जीही. मुलाने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली तर तो नकार समजायचा. आणि माओरी मुलं येणार असतील तर त्यांच्या कुटुंबांशी बोलणं प्रपोजल पक्कं होण्याआधी, नंतर नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाडचं काम मात्र प्रपोजलमध्ये घालाच. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर न्यायची, हा विचार इथल्या लोकांना मनापासून भिडतो. आपल्याकडचे संदर्भ सोडून फक्त पाश्चात्त्य नावांची माळ ओवली, तर विविधतेवरच्या प्रबंधात ते विनोदी दिसतं.

आता व्यवहार. परदेशी पीएच.डी. विद्यार्थ्यांना इथे स्थानिकांइतकीच फी असते आणि पूर्णवेळ नोकरीचीही मुभा असते. पण पात्र शिक्षिका म्हणून काम करायला टीचिंग काउन्सिलची नोंदणी लागते, आणि त्यासाठी पदव्यांचं मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा असं सगळं करावं लागतं. ते तिकडूनच सुरू करा. मुलांसोबत काम म्हणजे पोलीस पडताळणी आलीच. नोंदणी होईपर्यंत रिलीव्हरचं, म्हणजे बदली शिक्षिकेचं काम बघा. चार सेंटरं आतून बघायला मिळतात, पुढे तीच ओळख कामी येते.

मुलाची काळजी नको. तीन ते पाच वयाला आठवड्याला 20 तासांपर्यंत सरकारी अनुदान असतं. शाळा पाचव्या वाढदिवसाच्या सुमाराला सुरू होते, सक्ती सहाव्या वाढदिवसापासून, आणि पीएच.डी. करणाऱ्यांच्या मुलांना शाळेत स्थानिक विद्यार्थी धरतात. फक्त तुम्ही काम करता किंवा अभ्यासाला निवडता त्या सेंटरवर त्याला घालू नका. नैतिक समिती तो प्रश्न विचारतेच.

वायकाटो, ऑकलंड आणि वेलिंग्टन इथल्या विद्यापीठांच्या शिक्षण विभागांची पानं चाळून, ज्यांचे दोन-तीन लेख वाचलेत अशाच प्राध्यापकांना मेल करा. दोन पानांचा आराखडा, त्यात कोणत्या वयाची मुलं, किती सेंटरं आणि कोणती भाषा हे नेमकं असू द्या. बायोडेटा त्यांनी मागितल्यावर.