वाचक विचारतात : रोबोचा गुडघा आणि पिळलेल्या वायरी

प्रश्न : इलेक्ट्रिक ॲटलास रोबो मान आणि कंबर गर्रकन मागे फिरवतो. त्याच्या वायरी पिळत कशा नाहीत? आम्ही प्रोजेक्टसाठी दोन फुटी रोबो करतोय. सांध्यांना एमजी९९६आर सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटर. गुडघा वाकला की थरथरतो आणि बसकण मारतो.
– डिप्लोमाचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : बॉस्टन डायनॅमिक्स या अमेरिकी रोबो कंपनीच्या एप्रिल २०२४च्या व्हिडिओत ॲटलास पाय भलत्याच बाजूने वळवून उठतो, मग डोकं आणि धड फिरवून पाठीचं पोट करतो. बघायला झकास, पण लगेच ३६० अंशांच्या मागे लागू नका. सलग फिरणाऱ्या सांध्यात वीज स्लिप रिंगमधून, म्हणजे फिरत्या कडीवर टेकलेल्या ब्रशमधून, न्यावी लागते. छोट्या स्लिप रिंगची एकेक वाट साधारण २ अँपिअरची. तुमचा सर्व्हो अडकला की एकटाच २.५ अँपिअर ओढतो. अर्ध्या वळणाला स्लिप रिंग लागतही नाही. मऊ सिलिकॉन वायर सांध्याच्या अक्षातून न्या, थोडी ढिली ठेवा. वायर लांबीभर पिळली तर टिकते, एकाच जागी मोडत राहिली की तुटते.

आता तुमची थरथर. ती ठरावीक कोनातच होते का, ते आधी बघा. होत असेल तर सर्व्हो सोडवा, मल्टिमीटर बीपवर ठेवून वायरीची दोन टोकं धरा आणि गुडघा हळूहळू वाकवा. बीप मधेच तुटला, तर आवरणाआड तार तुटली आहे; बहुतेकदा अगदी झिप टायच्या कडेला. टाय सांध्यापासून ३-४ सेंमी लांब बांधा. थरथर सगळ्याच कोनांत असेल, तर सर्व्होंना आर्डुइनो कंट्रोलर बोर्डच्या ५ व्होल्ट पिनवरून वीज देताय का ते पाहा. त्यांना वेगळा ६ व्होल्टचा सप्लाय हवा, आणि बोर्ड व सप्लाय या दोघांचं ग्राउंड (निगेटिव्ह) जोडलेलं हवं. हे जोडायचं हमखास राहून जातं.

बसकण मात्र वजनामुळे. गुडघ्यावरचं वजन २.५ किलो आणि त्या भाराच्या रेषेपासून गुडघा ६ सेंमी पुढे धरला, तर एका पायावर १५ किलो-सेंमी टॉर्क (वळवण्याचा जोर) लागतो. हा सर्व्हो ६ व्होल्टवर जेमतेम ११ देतो, तोही जागीच अडकल्यावर. भरवसा निम्म्यावरच ठेवा. गुडघा २ सेंमीच पुढे येऊ दिला की गरज ५ वर येते. नाहीतर गुडघ्यांपुरते २५-३० किलो-सेंमीचे सर्व्हो घ्या. सर्व्होला कोन सांगणारी सिग्नलची पल्स आधी १००० ते २००० मायक्रोसेकंदांतच ठेवा, मग ५०-५०ने वाढवा. सर्व्हो गुणगुणायला लागला की तो आतल्या अडणीला टेकलाय. लगेच मागे या, नाहीतर जळेल.

प्रश्न : आमच्या प्रेसमध्ये ताकद हायड्रॉलिकचीच. आधीचा ॲटलासही तेलाच्या दाबावर चालायचा. मग त्यातलं तेल का काढलं?
– वर्कशॉपचालक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : तुमचा प्रेस जागचा हलत नाही. चालत्या रोबोत दाबाखालचा होज (तेलाची नळी) प्रत्येक सांध्यावर वाकतो, जोडाशी गळतो आणि सांध्याच्या फिरण्यालाही अडवतो. वर पंपाचा आवाज आणि वजन. इलेक्ट्रिक सांध्यात मोटर, गिअर आणि कोन मोजणारा एन्कोडर एकाच डब्यात बसतात, बाहेर येतात त्या वायरी. तोटाही आहे : प्रेसचा व्हॉल्व्ह बंद केला की दाब तसाच धरून राहतो, मोटरला मात्र गुडघा वाकवून नुसतं उभं राहायलाही करंट लागतो. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट.