जानेवारीत जर्मनीतल्या एखाद्या छोट्या गावात आयरिश फोक बँड ऐकायला जावं का? की बर्लिनची वाट बघावी?

तुमचा प्रश्न असा आहे की जानेवारीत म्युनिकला असणार, आवडत्या आयरिश बँडची जर्मनी टूर चालू आहे, मोठ्या शहरांची तिकिटं संपलीत, फक्त कुठल्या तरी नाव न ऐकलेल्या गावात मंगळवारी कार्यक्रम दिसतोय, तर एवढ्या थंडीत तिकडे जाण्यात अर्थ आहे का. आणि मुळात हे लोक हिवाळ्यातच का फिरतात.

जा. बिनधास्त जा. मी इथे बाडेन-व्युर्टेमबेर्ग या जर्मन राज्यातल्या एका छोट्या गावात राहतो आणि इथल्या कुल्टुरफेराइनमध्ये, म्हणजे आपल्याकडचं सांस्कृतिक मंडळ असतं ना तसंच, खुर्च्या लावण्यापासून गल्ल्यावर बसण्यापर्यंत सगळं करतो, त्यामुळे हा मंगळवारचा प्रकार आतून बघितलाय.

आधी हिवाळा का ते. उन्हाळ्यात सगळे बँड फेस्टिव्हलना असतात, जुलैमध्ये रुडोलश्टाट गावातल्या फोक फेस्टिव्हलला वगैरे, तिथे बँडला तासभर मिळतो आणि लगेच पुढचा स्टेजवर. गावातले लोक पण उन्हाळ्यात एकतर सुट्टीवर नाहीतर बागेत ग्रिल पेटवून बसलेले, हॉलमध्ये येतंय कोण. मंडळांचा खरा सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. त्यातही नोव्हेंबरात अडचण असते, बायर्नसारख्या (म्हणजे बव्हेरिया, तुमचं म्युनिक तिथलंच) राज्यात त्या महिन्यात काही 'शांत दिवस' कायद्याने पाळावे लागतात, त्या दिवशी नाचगाण्याचा दंगा चालत नाही. डिसेंबर ख्रिसमस बाजार आणि चर्चच्या कॉयरनी खाल्लेला, आणि र्‍हाइनकडे कार्निवलचा आठवडा आला की फोक बँडला कुणी विचारत नाही. म्हणून जानेवारीचा मधला तुकडा सोन्यासारखा.

आयरिश लोकांचं आणि जर्मनीचं हे जुनं आहे बरं का. आयरिश फोक फेस्टिव्हल नावाची फिरती टूर 1974 पासून जर्मनीत चालू आहे, दरवर्षी शरदात तीन-चार ग्रुप एकत्र घेऊन शहरं करत जातात. क्लॅनाड हा आयर्लंडमधल्या डोनेगलचा घरगुती बँड, भावंडं आणि त्यांचे दोन जुळे मामा, 1975 ला इकडे टूर करून गेले आणि इथला प्रतिसाद बघूनच पूर्णवेळ संगीत करायचं ठरवलं असं सांगतात. घरी पबमध्ये लोक गप्पा मारत ऐकतात, इथे पैसे देऊन गप्प बसून ऐकतात, कलाकाराला अजून काय पाहिजे.

आता मंगळवार. पाच-सहा जणांचा बँड, एक साउंडवाला, भाड्याची व्हॅन. शुक्रवार-शनिवार मोठं शहर मिळतं, पण मधले दिवस रिकामे गेले तरी हॉटेल, जेवण, व्हॅनचं भाडं चालूच राहतं. मग एजंट नकाशा काढतो आणि दोन मोठ्या शहरांच्या रस्त्यात जे गाव येतं तिथल्या मंडळाला फोन करतो, की मंगळवारी कमी पैशात येतो, घेता का. आम्ही घेतो. मानधन फार नसतं, वर परदेशी कलाकार असले की माणशी 250 युरोच्या वर गेल्यावर 15 टक्के आयकर आणि त्यावरचा सॉली, म्हणजे जर्मनीतला अधिभार, आम्हीच कापून सरकारला भरायचा, शिवाय वाजवलेल्या गाण्यांची यादी गेमाला, म्हणजे गाण्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करणार्‍या संस्थेला, पाठवायची. त्यात पारंपरिक धून फुकट आणि तिचीच कुणी केलेली अरेंजमेंट पैशाची, हा घोळ निस्तरायला आमचे निवृत्त गणिताचे सर आहेत म्हणून बरं.

पण ऐकणार्‍याचा फायदा काय, तर हॉल दीडशे-दोनशे खुर्च्यांचा, पहिल्या रांगेतून फिडलचा, म्हणजे व्हायोलिनचा, बो तारेवर घासलेला ऐकू येतो. मायक्रोफोन असतो पण हळू आवाजात. पंचेचाळीस मिनिटांचे दोन सेट, मध्ये इंटरव्हल, त्यात बँडवाले स्वतः टेबल मांडून सीडी विकतात आणि आपल्याशी बोलतात. मोठ्या शहरात हे कुठलं मिळायला. स्लो गाण्याला कुणी खोकत पण नाही, पण शेवटी लाकडी फरशीवर पाय आपटून 'त्सुगाबे, त्सुगाबे' (म्हणजे 'वन्स मोअर') करत अजून एक मागतात तेव्हा वाटतं हीच का ती माणसं.

जमलं तर दार उघडायच्या आधीच पोचा, कधीकधी साउंडचेक काचेतून दिसतो. उणे तापमानातून वाद्यं आत आली की त्यांच्या पेट्या लगेच उघडत नाहीत, अर्धा तास तशीच ठेवतात, नाहीतर गार लाकडाला एकदम गरम हवा लागते. सगळ्यात हाल इलियन पाइप्सचे, म्हणजे आयरिश बॅगपाइपचे. काखेतल्या भात्याने वाजतं ते वाद्य, त्याची बोरूची रीड, म्हणजे सूर काढणारी पातळ पट्टी, आयर्लंडच्या ओलसर हवेला सोकावलेली, इथे हीटरने हवा कोरडी ठाक, रीड सुकली की सूर चोक. आमच्याकडे एका पाइपरने ग्रीनरूमच्या हीटरवर मंडळाचे सगळे टॉवेल ओले करून टाकले होते आणि वाद्य मांडीवर घेऊन त्या वाफेत बसला होता, आमची केअरटेकर बाई टॉवेल शोधत फिरतेय. जेवणाचं खातं माझ्याकडे आहे, चीज लावलेले पाव रोज रोज खाऊन कंटाळलेली माणसं असतात ही, गरम वरणभात आणि लिंबाचं लोणचं दिलं की ताट पुसून खातात.

आता तुमच्या कामाचं. तिकीट साधारण पंचवीस-तीस युरो, मोठ्या साइटवर दिसलं नाही तर गावातल्या पुस्तकाच्या दुकानात किंवा मंडळाला मेल करून नावावर ठेवून घेता येतं. कॅश न्या, दारावर कार्ड चालेलच असं नाही, सीडीच्या टेबलावर तर नाहीच. ग्लासचं डिपॉझिट घेतात, परत दिला की पैसे परत. कोट बाहेर अडकवावा लागतो, आत स्वेटर पुरतो.

खरी अडचण परतीची. कार्यक्रम आठला चालू होतो आणि साडेदहाच्या पुढे संपतो, तोवर छोट्या गावातून शेवटची रिजनल ट्रेन निघून गेलेली असू शकते. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल आणि रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास, असलं तरी ते आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीला चालत नाही हे धरून वेळापत्रक बघा, नसेल जमत तर गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे छोट्या खानावळ-लॉजमध्ये, खोली घ्या. बर्‍याचदा बँड पण तिथेच उतरतो. भाड्याची गाडी काढणार असाल तर विंटर टायर आहेत का ते घेतानाच विचारा, बर्फात साध्या टायरवर पकडलं तर दंड चालवणार्‍याला.