बायको उमेदवार, आपण झेडपीत क्लार्क: प्रचार करायचा का?

प्रश्न: नमस्कार सर, मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक आहे. मिसेस पंचायत समितीला उभी राहतेय. मी रजा टाकून तिच्यासोबत घरोघर फिरलो तर चालेल का? ऑफिसातले म्हणतात रजेवर असताना कोण विचारतंय. घरावर बॅनर आणि व्हॉट्सॲप स्टेटसचं काय करायचं तेही सांगा.

उत्तर: आधी मिसेसना शुभेच्छा द्या. त्यांनी उभं राहायला तुमची नोकरी आड येत नाही, नवरा नोकरीत आहे म्हणून बायकोचा हक्क जात नसतो. अडचण तुमची आहे. रजेवर असलात तरी तुम्ही कर्मचारीच असता, रजा म्हणजे कामातून सुट्टी, वर्तणूक नियमांतून नाही, त्यामुळे ऑफिसवाल्यांचं ऐकू नका, चौकशी लागली की त्यातलं कुणी साक्षीला येत नाही!

तुम्हाला लागू होतात ते जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, 1967, आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 1979 चे नागरी सेवा (वर्तणूक) नियम. दोन्हींचा रोख एकच, पक्षाचं सभासद व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, मत मागायचं नाही. 1979 च्या नियमांत तर पक्षाला वर्गणीही द्यायची नाही असं आहे, आणि हल्ली यूपीआयने दिली तर पुरावा आपणच तयार करून ठेवतो. बऱ्याच जणांना वाटतं हे सगळं आचारसंहितेपुरतं असतं. आचारसंहिता निवडणुकीपुरती येते आणि जाते, हे नियम मात्र बाराही महिने असतात.

आता बॅनर. 1979 च्या नियम 5 खाली एक स्पष्टीकरण आहे (ते नियम राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे, पण रोख एकच म्हणून तुम्हीही तेच धरून चाला), कर्मचाऱ्याने अंगावर, गाडीवर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावलं तर तो आपलं वजन वापरतोय असं धरलं जातं. म्हणजे शर्टाला बिल्ला, बाइकच्या टाकीवर स्टिकर, गेटवर झेंडा, तिन्ही गेले. घर मिसेसच्या नावावर आहे म्हणाल, पण राहता तुम्हीही तिथेच ना, म्हणून माझं मत असं की बॅनर प्रचार कार्यालयावर लावा, घर मोकळं ठेवा. सोसायटीत एखादा नाराज गडी असतोच, त्याला फक्त एक फोटो लागतो.

स्टेटस पण नको, मिसेसच्या फोटोशेजारी चिन्ह असेल तर अजिबातच नको. मतदान तुम्ही बिनधास्त करा, तो हक्क नियमांनीही मान्य केलाय, पण मत कुणाला देणार किंवा कुणाला दिलं हे सुचवायचंसुद्धा नाही, त्यामुळे शाईचं बोट दाखवून खाली "आपलं ठरलंय" लिहिणंही अंगाशी येऊ शकतं. शिवाय जुलै 2025 मध्ये सरकारने सोशल मीडियाबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांचे आणि कंत्राटी कर्मचारीही धरलेत.

बूथवर एजंट म्हणून बसायचा विचारही करू नका. लोकसभा-विधानसभेला सरकारी नोकर मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी झाला तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 134क खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची निवडणूक वेगळी आहे, ती राज्य निवडणूक आयोग घेतो, पण वर्तणूक नियम तिथेही तुम्हाला अडवतातच. निवडणूक ड्युटी लागली तर मिसेस उमेदवार असल्याचं वरिष्ठांना लेखी कळवा आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

प्रश्न: मी नगरपरिषदेत लिपिक. मलाच उभं राहायचंय, राजीनामा दिला की फॉर्म भरता येईल?

उत्तर: नुसता अर्ज आवकला टाकून भागत नाही, राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश हातात लागतो. खात्याची चौकशी चालू असेल किंवा तुमच्याकडून काही येणं बाकी असेल तर तो अडकतो, म्हणून निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर व्हायची वाट न बघता आधीच अर्ज द्या आणि छाननीच्या दिवशी आदेशाची प्रत सोबत ठेवा.