अ‍ॅव्हरेज पॅकेज ८ लाख, आणि मुलगी म्हणते ‘तिथं नको’

इंजिनीअरिंगचे ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचे) सुरू झाले की पालक हमखास विचारतात, “आकडे बघायचे की मुलांचं मन?” यंदा एक वडील-मुलगी माझ्याकडे सल्ल्याला आले. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

वडिलांनी एक्सेल शीटच आणली होती. कटऑफ, फी, नॅक ग्रेड (कॉलेजच्या दर्जाची श्रेणी), पॅकेज, सगळ्याला गुण. पहिल्या आलेल्या कॉलेजला मुलगी नाही म्हणत होती. “कारण काही नाही हो, नुसता हट्ट,” वडील म्हणाले.

आधी आकडेच तपासले. नऊ जणांना ४-४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तरी सरासरी ८ लाखच येते. एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीसाठी, कॉलेजं जी माहिती भरतात तिच्यात मीडियन पगार (सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला) असतो, किती जण प्लेस झाले, किती पुढे शिकायला गेले हेही असतं. वडिलांनी तिथंच मोबाईलवर ती पीडीएफ उघडली. मीडियन निघाला शीटमधल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा. गप्प झाले.

मग मुलीला विचारलं, “तिथं राहायला लागलीस, तर दिवस कुठे अडेल?” आता ती बोलली. मावसबहीण तिथंच शिकते. मुलींना हॉस्टेल फक्त पहिल्या वर्षी, नंतर बाहेर खोली, प्रॅक्टिकल सुटेपर्यंत संध्याकाळ. शिवाय सर तासाला येतच नाहीत म्हणे.

म्हणजे कारण होतं, शीटमध्ये त्याला रकाना नव्हता. पण एकटीच्या सांगण्यावर फुलीही मारायची नसते. तिला म्हटलं, वेगवेगळ्या ब्रँचच्या मुलींना तेच प्रश्न विचार. ‘कॉलेज कसंय?’ विचारलंस तर ‘मस्त’ एवढंच ऐकू येईल. ‘गेल्या आठवड्यात किती तास झाले? आता कुठे राहतेस, भाडं किती?’ असं विचार, आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव.

पुढच्या खेपेला वही घेऊन आली. खोलीची अडचण प्रत्येकीने सांगितली होती. तास न होण्याची तक्रार मात्र मावसबहिणीच्याच ब्रँचची निघाली, ती सोडून दिली.

वडिलांचा प्रश्न तयार होता, “मॅडम, खोलीला दहापैकी किती गुण देऊ?” मी म्हटलं, भाडं खर्चात धरा, पण संध्याकाळी एकटीनं परतण्याला गुण नका देऊ. ते चालणार की नाही हे तिनं आधी ठरवावं. चालत नसेल तर बाकीच्या गुणांनी ते भरून निघत नाही. ती म्हणाली, दोघीतिघी मिळून खोली घेतली तर चालेल.

कॅपमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांमध्ये, पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, त्यामुळे आईलाही बसवून क्रम नव्याने लावला. ते कॉलेज तिसऱ्या नंबरावर गेलं. वडिलांना ते अजून फारसं पटलेलं नाही.