उद्याच्या पहिल्या उड्डाणाबद्दल

अरे,

फोटो पाहिला, तुझं रिमोटचं विमान झकास झालंय. उद्याच उडवतो म्हणतोयस तर उडव, पण आज रात्री स्टिकर चिकटवत बसण्यापेक्षा सीजी, म्हणजे विमानाचा तोल कुठे साधतो तो बिंदू, बघ. उडवताना जी बॅटरी वापरणार तीच, तिच्याच जागी ठेवून. प्लॅनवर खूण असेल तर ती धर, नसेल आणि पंख सरळ पट्टीसारखा असेल तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर दोन बोटांनी खालून उचल, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. नाक जड असेल तर विमान सुस्त उडेल, एवढंच. शेपूट जड असेल तर एलेव्हेटरच्या (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) स्टिकला जरा हात लागला की उसळी मारतं आणि तू सावरेपर्यंत खेळ खल्लास. बॅटरी पुढे सरकवून जमत नसेल तर नाकात वजन टाक, त्यात लाज कसली.

मग प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, काढ (हो, काढच, टेबलावर चालू झालेली मोटर बोटं बघत नाही) आणि विमानाच्या मागे उभा राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर, डावं खाली. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. बरेच जण पाती हलतात एवढंच बघून खूश होतात, कुठल्या बाजूला हलतात ते बघतच नाहीत, आणि उलटं एलेरॉन हवेत गेल्यावर कळून काही उपयोग नसतो. रिमोटमध्ये चुकून दुसऱ्याच मॉडेलची सेटिंग निवडलेली असू शकते म्हणून मैदानावर परत एकदा बघ. प्रॉप नसतानाच रिमोट बंद करून मोटर थांबते का तेही बघून घे, म्हणजे फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबणं) चालतो का ते कळेल. रेंज चेक (सिग्नल लांबवर पोचतो का ते) मैदानावर कर, रिमोटच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तसा.

वारा असेल तर उद्याचं परवा कर, खरंच. टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर, आणि लगेच वळू नको, आधी उंची घे. पुरेशी उंची आली की अर्ध्या थ्रॉटलवर (मोटरच्या निम्म्या जोरावर) सरळ उडवून ट्रिम लाव, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल असं रिमोटवर जुळव, मग तिथेच थ्रॉटल कमी करत विमान कधी पडायला लागतं ते बघ, लँडिंगला हेच कामाला येतं. ते तुझ्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा जो पंख खाली गेला त्याच बाजूला स्टिक ने.

टायमर 4 मिनिटांचा लाव, एवढं छान उडतंय तर अजून एक राउंड असं वाटेलच, पण लँडिंग चुकलं तर परत फिरायला बॅटरी नको का.

उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढ, मग रिमोट बंद. दुसरी बॅटरी लावायच्या आधी मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) किती तापलेत ते हात लावून बघ, प्रॉपचा नट, पंखाचे स्क्रू तपास, आणि ट्रिम जास्त लागलं असेल तर पुशरॉड (त्या पट्ट्या हलवणारी तार) फिरवून तेवढं तिथे घे आणि ट्रिम परत मध्यावर आण.