आधी विहीर पाहा, मग नकाशा

किरणोत्सारी कचरा खोल पुरण्यासाठी मराठवाड्यातील खडक कितपत योग्य आहे हे तपासायचे असेल, तर माहीतगार माणूस सोबत घेऊन उन्हाळ्यात तळ गाठलेल्या एखाद्या विहिरीत आधी उतरा, असे मी आग्रहाने सांगेन. वरून अखंड वाटणारा काळा पाषाण आत थराथरांचा असतो. दोन लाव्हाप्रवाहांमधल्या तांबड्या पट्ट्याजवळून आणि उभ्या भेगांतून वैशाखातही पाणी पाझरताना दिसते, आणि पुरलेला कचरा माणसापर्यंत परत आणू शकते ते मुख्यतः हे पाणीच. खडकाच्या पोकळ्यांतील झिओलाइट नावाची पांढरी खनिजे कचऱ्यातील सीझियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य धरून ठेवतात, ही जमेची बाजू. पण तेवढ्यावर विसंबू नका.

किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल बोअरमध्ये बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, सुमारे ३३८ मीटरांवर संपला आणि त्याखाली पुढे नाइस हा जुना, पट्टेदार रूपांतरित खडक लागला. फिनलंडने अशा कचऱ्याचे आपले भांडार नाइसमध्येच ४०० मीटरांहून खोल खोदले आहे, म्हणून आपलाही चालेल, असा निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे त्याच पायाभूत खडकातील हालचालीने हजारो माणसे गेली. कचऱ्यातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे २४,१०० वर्षे आहे, त्यापुढे शंभरेक वर्षांची भूकंपनोंद फारच तोकडी पडते. त्याआधीच्या हालचालींच्या खुणा भेगांतच शोधाव्या लागतात. म्हणून बोअरमधून निघालेल्या खडकाच्या नळकांड्यावरची प्रत्येक भेग स्वतः मोजा, आणि ती कशाने भरली आहे तेही लिहून ठेवा.